कर्त्या पुरुषाचं नाव

ऑरेलिया आमच्या घरी राहायला आली ती एकोणीसशे एकोणसत्तरच्या ऑक्टोबरात. दुर्गापूजेचे मांडव नुकतेच उतरवले होते आणि कलकत्त्यातल्या बागबाजारच्या आमच्या गल्लीत बांबूंचे ढीग पडले होते. ती अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करत होती. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्यांवर तिला प्रबंध लिहायचा होता. त्यांतल्या एका वस्तीत मी आठवड्यातून दोनदा मुलांना शिकवायला जात असे. कोणीतरी तिला माझा पत्ता दिला. मी कळवलं, मुलीचं लग्न झाल्यापासून खोली रिकामी आहे, ये.

"अमेरिकन मुलगी म्हणजे सहा फूट उंच असणार," हे म्हणाले. "आपल्या पलंगाबाहेर पाय येतील तिचे." हे म्हणजे माझे यजमान. विमा कंपनीत होते. काळजी करणं हा त्यांचा धंदाच होता. खालच्या मजल्यावरून त्यांनी लांब पलंग मागून आणवला.

दार उघडलं तर समोर माझ्या खांद्याला लागेल एवढी, सावळी, जाड काळ्या वेणीची मुलगी. मागे टॅक्सीवाला तिला हिंदीत दटावत होता, की याच देशात राहून हिंदी येत नाही म्हणजे काय! ती हसत उभी होती. त्या पलंगावर ती आडवी झोपली असती तरी मावली असती.

जेवताना तिने सांगितलं, "माझं नाव ऑरेलिया त्रेविन्यो. मी चिकाना, म्हणजे मेक्सिकन वंशाची अमेरिकन. आमचं गाव टेक्सासमध्ये, अगदी नदीकाठी. नदीच्या पलीकडे मेक्सिको. आईवडील कांद्याच्या आणि कपाशीच्या शेतात मजुरी करतात. आमच्या चार पिढ्या तिथल्याच, तरी आम्हाला रोज कोणीतरी विचारतं, तुम्ही आलात कधी? मग मी ठरवलं, असं ज्यांना विचारलं जातं त्या लोकांचाच अभ्यास करायचा."

"आणि त्यासाठी कलकत्त्यापर्यंत?" ह्यांनी विचारलं.

"इथे एवढ्या लोकांना एकदम हा प्रश्न विचारला गेला. एवढे जण एकाच शहरात दुसरीकडे कुठे भेटणार?"

त्याआधी दोन वर्षं ती कॅलिफोर्नियात द्राक्षं तोडणाऱ्या मजुरांच्या संघटनेत काम करत होती. दुकानांसमोर फलक घेऊन उभी राहायची, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यायची. बंगाली ती विद्यापीठात वर्षभर शिकली होती. पण ते पुस्तकातलं बंगाली, आणि आमच्या वस्तीतल्या बायका बोलत खुलना-बरिशालचं. म्हणून मी तिची दुभाषी झाले.

वस्तीचं नाव अर्जुनतला कॉलनी. डमडम स्टेशनवरून पुढे अर्धा तास चालावं लागे. डबकी, केळीची झाडं, आणि मध्ये बांबूच्या चटयांच्या भिंती आणि वर पत्रे अशी दोनशे चाळीस घरं. जमीन कोणाची हा प्रश्न कोर्टात होता. वस्ती कायम करून देण्याचं बोलणं सरकारदरबारी चालू होतं. पण जे लवकर आले त्यांनाच हक्क मिळेल, नंतर आलेल्यांना दूरच्या छावण्यांमध्ये पाठवतील, अशी वदंता होती. त्यामुळे 'तुम्ही कधी आलात' हा प्रश्न तिथे कोणी कोणाला सहज विचारत नसे.

माझा वर्ग पत्र्याच्या शेडखाली भरे. पहिल्या दिवशी ऑरेलियाला घेऊन गेले तेव्हा पाखी नावाची माझी आठ वर्षांची विद्यार्थिनी तिला वर्गाची माहिती द्यायला सरसावली.

"आमच्या दिदिमणी बर्गी आहेत," तिने सांगितलं. दिदिमणी म्हणजे शाळेतल्या बाई, म्हणजे मी.

दोनशे वर्षांपूर्वी नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगाल लुटायला आले होते. त्यांना इथे बर्गी म्हणतात आणि अजून त्यांच्या नावाने मुलांना झोपवतात; आम्हा मराठी माणसांनाही तेच नाव चिकटलंय. त्यांना अडवायला कलकत्त्याच्या लोकांनी खंदक खणला, तो आमच्या बागबाजारापासूनच सुरू होई.

"मग यांना आत कसं येऊ दिलं?" मी हे सांगितल्यावर ऑरेलियाने पाखीला विचारलं.

पाखीने थोडा विचार केला. "घोडा नाही ना त्यांच्याकडे. बसने आल्या."

ऑरेलियाचा फॉर्म चार पानी होता. घरात माणसं किती, कुठून आलात, कोणत्या साली, वाटेत कुठे थांबलात, काम काय करता, पाणी कुठून आणता. सगळं नीट चाललं होतं, फक्त चौथा रकाना भरेना. त्यात लिहिलं होतं: कुटुंबातील कर्त्या पुरुषाचं नाव.

पुरुष दिवसभर कामावर. घरी असायच्या बायका, आणि नवऱ्याचं नाव कुठलीच बाई घेईना. मला त्यात नवल वाटलं नाही. मी स्वतः कलकत्त्यात जन्मले, इथेच शिकले, शाळेत नोकरी केली, पण उखाण्याशिवाय ह्यांचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. माझी आई रेशनच्या दुकानातसुद्धा शेजारणीला पुढे करायची, "अगं, तू सांग ग ह्यांचं नाव." त्यामुळे मी बायकांना समजून होते, निदान तसं मला वाटत होतं.

"आमच्याकडे हळदीकुंकवाला नाव घेतात," मी त्यांना सांगितलं. "दोन ओळी जुळवायच्या आणि शेवटी नवऱ्याचं नाव गुंफायचं. मग चालतं. तुम्ही पण करा."

बायका तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "तुम्ही आधी घ्या, दिदिमणी!" मी घेतलं. दोन ओळी म्हटल्या, शेवटी ह्यांचं नाव, आणि लाजून लाल झाले. बायकांनी टाळ्या पिटल्या. मग मी पाखीच्या आईला म्हटलं, आता तू. ती बारीक अंगाची, चटपटीत बाई, कागदाच्या पिशव्या चिकटवायचं काम करायची. हसता हसता ती एकदम थांबली आणि म्हणाली, "आमच्यात असलं नसतं. लिही, पाखीचे बाबा."

ऑरेलियाने लिहिलं, पाखीचे बाबा. पुढच्या घरी गोपालचे बाबा, त्यापुढे टुकूचे बाबा. जानेवारीच्या अखेरीपर्यंत एकशे अठ्ठेचाळीस घरं झाली आणि चौथ्या रकान्यात एकशे अठ्ठेचाळीस मुलांची टोपणनावं.

तिने नमुन्यादाखल काही फॉर्मांच्या नकला अमेरिकेत आपल्या प्राध्यापकांना पाठवल्या होत्या. त्यांचं उत्तर आलं. तिने ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचून दाखवलं. काम चांगलं आहे, परंतु कर्त्या पुरुषाच्या नावाशिवाय एकही फॉर्म ग्राह्य धरता येणार नाही. माहिती तपासून कशी पाहणार? रकाना पूर्ण करावा.

"एकशे अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून. आणि तरी त्या सांगणार नाहीत."

मी वाटाणे सोलत होते. माझ्या मनात आलं आणि मी हातातली शेंग टाकून उठले. इतकं सोपं होतं ते! कपाटातून मी माझ्या वर्गाचा हजेरीपट काढला.

बंगाली मुलं नाव लिहितात ते स्वतःचं आणि आडनाव. मी मात्र माझ्या वर्गात पहिल्या दिवसापासून आपल्या पद्धतीने शिकवलं होतं. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. मला वाटे, घर सुटलेल्या मुलांना निदान स्वतःचं नाव तरी भरघोस असावं. पाटीवर तीन शब्द नीट आले की मी त्या मुलाला पुढे उभं करून मोठ्याने वाचायला लावी. "खरं आणि पूर्ण नाव लिहायचं," हे माझं ठरलेलं वाक्य. मुलांनी लिहिलं की मी ते हजेरीपटात उतरवी, शेजारी घराचा क्रमांक. चार वर्षांत जवळजवळ प्रत्येक घरातलं एखादं मूल माझ्याकडे येऊन गेलं होतं.

रविवारी दुपारी गच्चीवर चटई टाकून आम्ही बसलो. मी हजेरीपट वाचत गेले, ती लिहीत गेली. टुकू म्हणजे अमुक घर, वडील तमुक. ऊन कलायच्या आत चौथा रकाना भरला. चार-पाच घरं राहिली तेवढीच. हे चहा घेऊन वर आले, फॉर्मांचा गठ्ठा हातात तोलून म्हणाले, "वा! आमच्या ऑफिसात असे पूर्ण भरलेले अर्ज मी वीस वर्षांत पाहिले नाहीत." मला फार आनंद झाला होता. तो आनंद आठवला की अजून जीभ चावावीशी वाटते.

गुरुवारी आम्ही वस्तीत गेलो. ऑरेलियाला पाखीच्या आईकडून एक तारीख पुन्हा विचारून घ्यायची होती. तिने फॉर्म चटईवर ठेवला. पाखीला इंग्रजी अक्षरं नुकतीच येऊ लागली होती आणि जिथे दिसतील तिथे ती वाचायची. तिने बोट ठेवून चौथा रकाना जोडून जोडून वाचला आणि आनंदाने ओरडली, "आई, हे तर आपल्या बाबांचं नाव!"

तिच्या आईचा हात खळीने माखलेला होता. तसाच तो तिने पाखीच्या तोंडावर दाबला. मग उठून दार लावलं.

"हे कोणी सांगितलं?" तिने विचारलं. आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"मी," मी म्हटलं. "म्हणजे पाखीनेच वर्गात लिहिलं होतं. अगं, नाव तर आहे..."

"दिदिमणी, त्या नावाचा माणूस इथे राहत नाही."

मग तिने सांगितलं. ते लोक चौसष्ट साली दंग्यांनंतर खुलन्याहून आले. उशिरा आलेल्यांबरोबर त्यांनाही दंडकारण्यातल्या छावणीत पाठवलं. तिथे दगडी जमीन, पाणी नाही. धाकटा मुलगा तिथेच गेला. दोन वर्षांनी ते तिघं न विचारता निघाले आणि इथे थोरल्या दिराच्या घरी आले. छावणीच्या वहीत नवऱ्याच्या नावापुढे 'पळून गेला' असा शेरा. पुढे दीर वारले. तेव्हापासून पाखीचे वडील बाहेर दिरांच्या नावाने वावरत होते. कामावर, रेशनकार्डावर, सगळीकडे.

"असे आम्हीच नाही," ती म्हणाली. "ओळीने मोजा. तीस-चाळीस घरं निघतील. एकमेकांना आम्ही पाखीचे बाबा, टुकूचे बाबा म्हणतो. त्यात सगळे मावतात. तुम्ही हसून म्हणालात ना, नाव घे. मी कसं घेणार?"

मी मान खाली घातली. नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत माझ्याही घरची, म्हणून मला वाटलं की मला सगळं कळलं. त्या रीतीच्या आड यांनी काय झाकून ठेवलंय हे विचारण्याची मला गरजच वाटली नव्हती.

परतीच्या गाडीत ऑरेलिया खिडकीपाशी बसली. फॉर्मांची पिशवी तिने पोटाशी धरली होती.

घरी पोचतो तर मोकाशी बसलेले. चारुदत्त मोकाशी ह्यांच्या ओळखीचे, दिल्लीहून बदली होऊन इथे आलेले, पुनर्वसनाचं काम पाहणाऱ्या एका कचेरीत अधिकारी. माणूस सज्जन. नव्या गुळाचे संदेश, ही इथली मिठाई, घेऊन आले होते.

"वहिनी, तुमच्या पाहुणीचं काम फार मोलाचं आहे म्हणे," ते म्हणाले. "आपल्या मराठी मंडळात कळलं. नावानिशी, घरानिशी, सालानिशी सगळी यादी तयार आहे?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी कौतुकाने सांगून टाकलं होतं, दुसरं काय.

मोकाशी ऑरेलियाकडे वळून इंग्रजीत बोलू लागले. तिचा राहण्याचा परवाना फेब्रुवारीअखेर संपत होता. सहा महिने वाढवून हवा असेल तर त्यांच्या कचेरीचं शिफारसपत्र लागे. ते स्वतः ते आनंदाने देणार होते. "फक्त यादीची एक प्रत आम्हाला द्या. आमची माणसं गेली की लोक दारं लावून घेतात. तुम्हाला त्यांनी सांगितलंय. त्यांचंच काम लवकर मार्गी लागेल."

"सगळ्यांचं?" ऑरेलियाने विचारलं.

"जे नियमात बसतील त्यांचं."

"आणि जे बसणार नाहीत?"

मोकाशींनी संदेशाचा तुकडा मोडला. "नियम मी करत नाही, मिस त्रेविन्यो."

"मला चार दिवस द्या," ती म्हणाली.

ते गेल्यावर हे म्हणाले, "देऊन टाक म्हणत नाही मी. पण पत्र नाही मिळालं तर? अजून ब्याण्णव घरं राहिली आहेत. अर्ध्या कामावर पदवी देतात का तुमच्याकडे?"

"नाही," ऑरेलिया म्हणाली. मग ती माझ्याशी बोलू लागली. "बाई, मी नऊ वर्षांची होते तेव्हा आमच्या गावात शेतमालकाच्या कारकुनाकडे एक वही होती. मजुरांची नावं, घर कुठे, जन्म नदीच्या कुठल्या बाजूला. मोबदला वेळेवर मिळावा म्हणून, असं सांगून त्याने लिहून घेतलं होतं. एका उन्हाळ्यात ती वही घेऊन माणसं आली आणि ट्रक भरून लोक नदीपलीकडे नेऊन सोडले. माझा मामा त्यात गेला. तो जन्मलेला अलीकडचा. त्याच्या कागदावर कोणीतरी चुकीचं लिहिलं होतं. तो परत आलाच नाही." तिने फॉर्मांची पिशवी खाली ठेवली. "त्या वहीबद्दल मला पहिल्यापासून माहीत होतं. तरी रिकामा रकाना दिसला आणि मी भरला. प्राध्यापकांना खूश करायचं होतं."

"भरायला सांगितला मी," मी म्हटलं.

"आपण दोघींनी भरला. आता दोघींनी रिकामा करायचा."

नुसती नावं खोडून भागणार नव्हतं, कारण खोडलेलं वाचता येतं. आणि नाव काढलं तरी घराचा क्रमांक होताच. तिने ठरवलं की सगळे फॉर्म नव्याने लिहून काढायचे, नावाशिवाय, घराच्या क्रमांकाशिवाय. आणि क्रमसुद्धा बदलायचा, म्हणजे पहिला फॉर्म पहिल्या घराचा राहणार नाही.

चार दिवस आम्ही पहाटे उठून लिहीत बसलो. ती लिही, मी ताडून पाही. ह्यांनी रजा टाकली. "विम्याचे कागद नकलून माझं अक्षर वळणदार झालंय, ते वाया कशाला जाऊ द्या," म्हणत तेही बसले. बोटांना घट्टे पडले. एकशे अठ्ठेचाळीस झाल्यावर ऑरेलिया नव्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन वस्तीत गेली आणि तिने तो पाखीपुढे ठेवला.

"पत्ते पिसतात तसे पिस," ती म्हणाली.

पाखीने शेडभर फॉर्म पसरले, वरखाली केले, काहींवर बसली, पुन्हा गोळा केले. ती देईल त्या क्रमाने ऑरेलियाने त्यांच्यावर आकडे घातले, एक ते एकशे अठ्ठेचाळीस.

जुने फॉर्म आमच्या कोळशाच्या शेगडीत गेले. शेवटी उरला माझा हजेरीपट. चार वर्षांच्या मुलांची नावं, त्यांच्या पहिल्या तीन शब्दांच्या पाटीची तारीख. कोण गोवराने महिनाभर आला नाही, कोणाला कधी जोडाक्षर यायला लागलं, सगळं त्यात होतं. मी तो मांडीवर घेऊन बसले. ऑरेलिया चहा करायला उठली आणि तिने बराच वेळ लावला. मी पानं एकेक करून टाकली. एकदम टाकवली नाहीत.

पाचव्या दिवशी मोकाशी आले. ऑरेलियाने त्यांच्यापुढे एक कागद ठेवला. वस्तीत मुलं किती, विहीर किती लांब, एका नळामागे माणसं किती, पटकीचे रोगी किती, असे नुसते आकडे.

"यात नावं नाहीत," ते म्हणाले.

"नावं होती. मी जाळली."

मोकाशी माझ्याकडे वळले. मग मराठीत म्हणाले, "वहिनी, हे मला सांगायची काही गरज होती का? हरवली म्हणायचं, उंदरांनी खाल्ली म्हणायचं. मी ऐकून घेतलं असतं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. ऑरेलिया म्हणाली, "हरवली म्हटलं तर ते मला शोधायला सांगतील. आणि पुढच्या येणाऱ्याला वाटेल की मागितली तर मिळते."

"मग पत्र देणं मला जमणार नाही," मोकाशी म्हणाले. चिडून नव्हे, थकून. जाताना मात्र तो आकड्यांचा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

फेब्रुवारीची सहा तारीख होती. बावीस दिवस आणि ब्याण्णव घरं. रोजची चार घरंसुद्धा आमच्याकडून कधी झाली नव्हती. बाईला हातातलं काम टाकून बोलायला बसवायचं, मूल रडलं की थांबायचं, गर्दीत बस सुटायची.

वर्गातही मला एक काम होतं. मी मुलांना सांगितलं की यापुढे पाटीवर फक्त आपलं नाव लिहायचं.

पाखीने हात वर केला. "तुम्हीच म्हणाला होतात, खरं आणि पूर्ण लिहायचं."

"म्हणाले होते. पूर्ण नाव लिहिता आलंच पाहिजे. पण ते कोणापुढे लिहायचं, हे वेगळं शिकावं लागतं. तो धडा मी आधी घ्यायला हवा होता. माझी चूक झाली."

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मास्तरणीची चूक होते हे त्यांना नवीन होतं. मग पाखी म्हणाली, "चूक झाली तर दहा वेळा लिहायचं असतं."

"आम्ही एकशे अठ्ठेचाळीस वेळा लिहिलं," ऑरेलिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी आठलाच वस्तीत पोचलो. शेडखाली बायका बसलेल्या. दहा-बारा असतील. कोणाच्या पुढ्यात निवडायचा तांदूळ, कोणाच्या कागदी पिशव्या, कोणाच्या मांडीवर पोर. पाखीच्या आईने त्यांना घरोघर जाऊन आणलं होतं.

"नावाचा रकाना गेला ना?" तिने सगळ्यांसमोर मला विचारलं.

ऑरेलियाने नवा फॉर्म वर धरून दाखवला. तीनच्या पुढे एकदम पाच होता. चार नव्हताच.

"मग विचार," पाखीची आई म्हणाली. "काम हातात राहू दे, तोंड तर मोकळं आहे. ए टुकूच्या आई, तू पुढे सरक, तुझं लांबण फार असतं, तुझ्यापासून सुरुवात."

"माझं लांबण? तुझा तर पूरच येतो!"

आणि त्या बोलू लागल्या. आधी कधी सांगितलं नव्हतं असं. कोणत्या घाटावर होडी चुकली, छावणीत कोणी पाण्याच्या रांगेत मारामारी केली, कोणाचं मूल ट्रकमध्ये जन्मलं. एकीला साल आठवलं नाही तर दुसरी सांगे, "त्या वर्षी तुझी म्हैस बुडाली नाही का, ते." दिवसाला पाच, सहा, कधी सात. ऑरेलियाचा आवाज बसला. एक दिवस तिला ताप होता तरी आली. बायकांनी तिला खाटेवर निजवून उत्तरं दिली. खेरीज पाण्यासाठी त्यांनी तिच्याकडून आकडे घेऊन अर्ज तयार केला. लिहून दिला तिनेच, तशी तिला सवय होती. पण सह्या मात्र तिने बायकांकडूनच करून घेतल्या, 'अमक्याची आई' अशा एकशे नव्वद. तो त्या स्वतः नगरपालिकेत घेऊन गेल्या. पहिल्यांदा हाकलल्या गेल्या, दुसऱ्यांदा गेल्या, तिसऱ्यांदाही. कूपनलिका आली ती दोन वर्षांनी.

सव्वीस फेब्रुवारीला शेवटचं घर झालं. दोनशे चाळीस. प्राध्यापक हे मान्य करतील की नाही, ऑरेलियाला ठाऊक नव्हतं. तिने त्यांना पत्र लिहून टाकलं होतं, की चौथा रकाना मी मुद्दाम काढला आहे, त्याचं कारण हेच माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण असेल, आणि ते चालत नसेल तर मी दुसरे प्राध्यापक शोधीन.

सत्तावीसला सकाळी तिची पेटी बांधून झाली. हे टॅक्सी आणायला गेले. तिच्याकडे एक कोरा फॉर्म उरला होता. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने पेन उघडलं.

"हे काय आता?"

"दोनशे एक्केचाळीस," ती म्हणाली. "कलकत्त्यात कधी आलात?"

"मी कुठली येतेय? इथेच जन्मले."

"तुमच्या वस्तीतले लोक म्हणतात तुम्ही बर्गी. घोडा नसलेल्या."

"माझे आजोबा आले. रेल्वेत नोकरी लागली म्हणून. साल मला माहीत नाही."

"कोणाची म्हैस बुडाली होती का त्या वर्षी?"

आम्ही दोघी हसलो. ती विचारत गेली, मी सांगत गेले. घरात कोणती भाषा बोलता? मुलगी लग्न होऊन कुठे गेली? ती मराठी लिहिते का? कोणी तुम्हाला कधी विचारतं का, तुम्ही इथले की तिथले? या प्रश्नावर मी बराच वेळ बोलले. आजवर मला कोणी तो नीट बसून विचारलाच नव्हता.

खाली टॅक्सीचा भोंगा वाजला. "हा कोणाचा फॉर्म म्हणून लिहू?" ऑरेलियाने विचारलं. "मला माझ्यासाठी हवंय. कोणाला दाखवणार नाही."

मी पदर सावरला. जिन्यात ह्यांची पावलं वाजत होती.

"लिही," मी म्हटलं, "कालिंदीची आई."